दारावरचे मामंजी

साताऱ्यात सदर बझारमागच्या फ्रीमेसन मंडळींच्या त्या लॉजला, म्हणजे सभागृहाला, लोक भूतबंगला म्हणतात. दारावर गवंड्याचा काटकोनी गुण्या आणि कंपास कोरलेला, खिडक्या कायम बंद, सभा फक्त पुरुषांची. माझे सासरे हंबीरराव पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हापासून सभेच्या दिवशी त्या दाराबाहेर तलवार घेऊन उभे राहायचे. आत काय चालतं ते घरात सांगत नसत. एवढंच म्हणायचे, "एका मेजावर गीता, कुराण, बायबल शेजारी शेजारी असत्यात, पोरी. आन् पांढरा एप्रन बांधल्याबिगर कुनी आत जात न्हाई. मग कलेक्टर का असंना."

कोकराच्या कातड्याचे ते एप्रन पुसून ठेवायचं काम माझं.

चौऱ्याहत्तर साली लॉजला साठ वर्षं झाली. मुंबईहून सगळ्या लॉजांचे मोठे साहेब आले. प्रवासात त्यांच्या एप्रनवर चहा सांडला, म्हणून सकाळी तो आमच्याकडे आला. मी डाग काढून सावलीत वाळत टाकला. दुपारी माझ्या तान्ह्या मनूला कडेवर घेऊन बाकीचे एप्रन पोचवले. साहेबांचा घरीच राहिला.

ते माझ्या ध्यानात आलं तेव्हा साहेब दारात होते आणि मामंजींची तलवार आडवी.

"एप्रन, साहेब."

"हंबीरराव, कोणाला अडवताय?" सेक्रेटरी चिंतामणराव वकील दबक्या आवाजात म्हणाले. "तुमच्याच घरी राहिलाय तो. सोडा, नाहीतर पुढच्या सभेला दारावर दुसरा माणूस असेल."

"पुढचं पुढं, वकीलसाहेब. आज मी हाय."

मान ताठ, तलवार तशीच आडवी. पण हे काम त्यांना किती जिवाचं ते मला ठाऊक होतं; सभेच्या आदल्या दिवशी ते किती वेळ ती तलवार पुसत बसायचे, ते मी दर वेळी पाहायची.

"मामंजी, चूक माझी. आत्ता आणते," मी म्हटलं, आणि मनूनं भोकाड पसरलं.

साहेबांनी हात पुढे केले. "द्या तिला इकडे. मी कुठे जातोय? हे मला जाऊच देत नाहीत."

पदर खोचून धावले. एप्रन घेऊन परतले तर साहेब पायरीवर बसलेले, मनू त्यांच्या मांडीवर घड्याळाची साखळी चोखतेय आणि काळ्या पॅन्टवर भला मोठा ओला डाग.

"आजोबा अडवतात, नात भिजवते! बरं घर आहे तुमचं."

मी लाजून मेले. त्यांनी एप्रन बांधला, तो डाग आयताच झाकला गेला. मामंजींनी दारावर तीन थापा मारल्या. आतूनही तीन आल्या.

"चिंतामणराव," आत जाता जाता साहेब म्हणाले, "तुम्ही साठ वर्षांचा इतिहास वाचून दाखवणार होतात ना? थोडक्यात आटपा. बराचसा मी दारातच पाहिला."

तिथले सभासद एकमेकांना भाऊ म्हणत, आणि जेवणाच्या शेवटी दूरच्या भावांसाठी दोन शब्द दारावरच्या माणसानं बोलायचे, अशी तिथली रीत. मी लॉजच्या स्वयंपाकघरात वाढप करता करता ऐकत होते.

"जमिनीवर, दर्यावर, आपला भाऊ जितं कुटं अडला असंल, तितनं सुखरूप घरी येऊ दे."

खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले, वकील सर्वांत आधी.

मनूचे बाबा तेव्हा पलटणीबरोबर लडाखला होते. हातातला भाताचा डाव तसाच धरून, मनूला छातीशी घेऊन, मीही भिंतीआड ताठ उभी राहिले.