मागे राहिलेला फोटो

कोसमटोला म्हणजे सावली या तालुक्याच्या गावापासून बरंच आत, जंगलाला लागून वसलेलं गाव. तिथून शिकून चंद्रपूरच्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलेली मंजुषा ही पहिलीच मुलगी. कंपनीकडे वनखात्याचं वाघाचं काम आलं तेव्हा तिच्या आईचे, वच्छलाबाईचे, पाय जमिनीवर ठरेनात.

जंगलात झाडांना कॅमेरे बांधले होते. समोरून काही गेलं की फोटो निघायचा आणि लगेच चंद्रपूरला पोचायचा. तिथलं मशीन फोटो बघून ओळखायचं, हे चितळ, हे रानडुक्कर, हा वाघ. वाघ असला आणि कॅमेरा गावाजवळचा असला, की त्या गावातल्या सगळ्या मोबाइलवर भोंगा वाजायचा.

हे समजावून सांगायला मंजुषाच गावात आली होती. समाजमंदिरात तिनं सगळ्यांना भोंग्याचा आवाज ऐकवला. बायका आधी दचकल्या, मग हसल्या.

“हे वाजलं का जंगलात पाय टाकाचा नाई,” ती म्हणाली.

“आन नाई वाजलं त?” शेजारच्या नीलाबाईनं विचारलं. नीलाबाईचा नवरा केवळराम तलावात मासे धरायचा, ती सावलीच्या बाजारात विकायची. मंजुषाच्या लहानपणी तिचं अर्धं जेवण या काकीच्याच घरी व्हायचं.

“नाई वाजलं म्हणजे वाट मोकळी, काकी.”

पहिल्या हिवाळ्यात दोनतीनदा भोंगा वाजला. लोक घरी थांबले, आणि सकाळी बोडीच्या, गावच्या छोट्या तळ्याच्या, पाळीवर खरंच वाघाचे पंजे उमटलेले दिसले. गावाचा विश्वास बसला. एरवी चांगलं ऊन आल्याशिवाय मोहफुलं वेचायला न जाणाऱ्या बायका मोहाच्या दिवसांत मोबाइल बघून झुंजुमुंजूलाच निघू लागल्या. जी आधी पोचेल तिची टोपली आधी भरते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी कंपनीला दुसरं काम मिळालं, तेही फोटोंचंच, पण पर्यटकांसाठी. सफारीच्या भागात नवे कॅमेरे लागले. रात्रभरात तिथं जे जे फिरलं ते पहाटेच्या सफारीआधी रिसॉर्टवाल्यांच्या मोबाइलवर दिसलं पाहिजे, असा करार. मशीन तेच, एकच. म्हणून नियम ठरला, सफारीचे फोटो आधी, गावाचे मागून. सफारीचा एकही फोटो शिल्लक नसेल तेव्हाच मशीन गावाच्या फोटोला हात लावणार.

सुरुवातीला काही बिघडलं नाही. मग होळीच्या सुट्ट्या आल्या, कॅमेरे वाढले आणि सफारीची रांग सरेचना. गावाकडचे फोटो तासन्‌तास पडून राहतात हे मंजुषाच्या लक्षात आलं. ती टीमचा प्रमुख विक्की याच्याकडे गेली.

“जे काम जास्त थांबलं त्याचा नंबर हळूहळू वर सरकला पाहिजे, सर. नाहीतर ते कायमचं मागंच राहते.”

“बात सही आहे तुझी,” विक्की म्हणाला. तो मनानं वाईट नव्हता. “कामांच्या बोर्डवर लिहून ठेव. रिसॉर्टवाल्यांचा डेमो होऊन जाऊ दे, मग घेऊ.”

तिनं बोर्डवर लिहिलं. डेमो झाला, मग रंग बदलायचे निघाले, मग कुणा मोठ्या पाहुण्याला त्याच्या मोबाइलवर वाघ उलटा दिसला, ते काम निघालं. दर सोमवारी तिच्या कामाच्या वर नवी कामं येऊन बसत गेली. एकदोनदा तिनं आठवण करून दिली, मग तिचंही तिकडं दुर्लक्ष झालं.

एप्रिलमधल्या एका सकाळी ती ऑफिसात पोचते न पोचते तोच आईचा फोन आला. आधी नुसता श्वास ऐकू आला.

“मंजू... नीलाले नेलं वं. वाघानं नेलं.”

ती पोचेपर्यंत दुपार झाली होती. नाल्याच्या पलीकडे मोहाच्या झाडांपाशी गाव जमलं होतं. नीलाबाई सापडली होती. तिच्यावर कुणीतरी लुगडं आणून टाकलं होतं. टोपली थोड्या अंतरावर सरळ उभी, अर्धी भरलेली. केवळराम जवळच बसला होता, हात गुडघ्यांवर, जाळं सोडवायला बसावं तसा. वनरक्षक पंचनामा लिहीत होते.

आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

एका मोबाइलवर नाही, सगळ्यांच्या. खिशांतून, पदरांच्या गाठींतून, वनरक्षकांच्या पट्ट्यांवरून एकदम. “वाघ आला!” म्हणून कुणीतरी ओरडलं. माणसं सैरावैरा पळाली, एक म्हातारी नाल्यात पडली, वनरक्षकांनी फटाके फोडले. केवळराम जागचा हलला नाही. मेलेल्या बायकोच्या कमरेलाही मोबाइल होता. तो लुगड्याखाली वाजत राहिला.

मंजुषानं आपला मोबाइल काढून बघितला. नाल्यावरचाच कॅमेरा. फोटोत वाघ स्पष्ट होता, पाणी पिऊन मान वर केलेला. खाली फोटो काढल्याची वेळ होती, काल संध्याकाळची.

 ती तिथंच बसली.

घरी वच्छलाबाई चुलीसमोर बसून होती. चूल पेटवलेली नव्हती. “नीला म्हणे, थांब ना वो जराशी, उजाडू दे,” ती आपल्याशीच बोलत होती. “मीच म्हणलो, हे पाह्य मोबाइल, वाजला का? माह्या पोरीनं बनवलं हाये, म्हणलो. मीच नेलो तिले.” 

ऑफिसात विक्कीनं वनखात्यासाठी खुलासा तयार ठेवला होता. जंगलात नेटवर्क नव्हतं, म्हणून फोटो उशिरा आला.

“फोटो त्याच मिनिटाला आला होता, सर. तो आपल्याकडं पडून होता.”

“मला माहीत नाही का?” विक्कीचा आवाज चिरकला. “पण असं लिहिलं तर काम जाईल. वीस पोरं घरी बसतील. सांग, काय लिहू?”

 वनखात्याचे रेंजर साहेब गावात बैठक घेणार होते, त्या दिवशी ती विक्कीच्या गाडीतून न जाता एसटीनं गेली. समाजमंदिर भरलं होतं. विक्कीनं नेटवर्कचं सांगितलं. लोकांनी माना हलवल्या. नेटवर्क जातं हे सगळ्यांना माहीत होतं. मग मंजुषा उभी राहिली.

“नेटवर्क गेलं नव्हतं,” ती म्हणाली. “फोटो संध्याकाळीच आला होता. मशीन आधी सफारीवाल्याईचे फोटो पाहते. ते सरले का मंग आपले. त्या राती ते सरलेच नाईत.”

 मागून केवळराम उठला.

“नीलाच्या पयले काय काय पाह्यलं मशीनीनं?”

मंजुषानं रेंजर साहेबांकडे बघितलं, मग त्याच्याकडे. “चितळं, काका. मोर. रानडुकरं. तेच तेच, रातभर.”

“चितळं,” केवळराम म्हणाला आणि खाली बसला.

मग गलका झाला. लोक विक्कीच्या अंगावर धावले, साहेबांनी त्याला कसंबसं गाडीत बसवलं. त्या गोंधळात वच्छलाबाई उठून घरी निघून गेली. मंजुषा तिच्या मागोमाग गेली. आईच्या डोक्यावरचं ओझं आता उतरेल, या एका आशेवर ती बोलली होती.

“माय, तुही चूक नव्हती. आयकलंस ना?”

“तुले मालूम होतं? मशीन आपले फोटो मागं ठेवते म्हून?”

“होतं. मी सांगतलं होतं तिकडं. दोनतीनदा सांगतलं.”

“तिकडं सांगतलं.” वच्छलाबाईनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. “इकडं काऊन नाई सांगतलं? मले एक फोन केला असता, मंजू. मशीनीचं खरं नाई म्हून. आमी उन्हं आल्यावर गेलो असतो.”

मंजुषा दारातच उभी राहिली. हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. नियम चुकला तर तो बदलायचा, एवढंच ती शिकली होती.

नियम त्याच आठवड्यात बदलला. विक्कीनं स्वतः बसून बदलला. जेवणानंतर सुरू केलेलं काम चहापर्यंत संपलं. कंपनीचं काम गेलं नाही. मंजुषाला मात्र उद्यापासून येऊ नको असं कळवलं.

ती गावातच राहिली. आई तिला वाढायची, बोलायची नाही.

एका सकाळी केवळराम दारात आला. खांद्यावर जाळं नव्हतं. “बाकीच्या गावाईत सांगतलं का कोणी?” त्यानं विचारलं. “त्याईच्याकडंही हेच मशीन हाये ना?”

“हेच हाये. नियम बदलला, तरी मशीनीच्या भरवशावर निघाचं नाई.”

“मंग चाल.”

त्याच्या जुन्या मोटरसायकलवर मागे बसून ती निघाली. जंगलाच्या कडेकडेनं एकेका गावात ते थांबले. केवळराम माणसं जमवायचा, तिला पुढं उभं करायचा, स्वतः बाजूला बसायचा. भोंगा वाजला तर थांबा, पण नाही वाजला म्हणून निघू नका, ती सांगायची. आणि का, तेही सांगायची. एका गावात बायकांनी पाणी दिलं. एका गावात कुणीतरी तोंडावर म्हटलं की वाघानं बाई खाल्ल्यावर सांगायला आली. केवळरामनं त्याला अडवलं नाही.

गावागावांच्या मधल्या वाटेवर तो तिच्याशी एक शब्द बोलत नव्हता. ऊन चढलं, टेकड्या सरल्या, पुढचं गाव आलं. तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि गाडीवरून उतरली.