दोघांच्या दोन काठ्या

सत्त्याण्णव साली विश्वनाथने पुण्यातलं बस्तान हलवून नोएडा गाठलं, ते एका परदेशी कंपनीच्या मोठ्या पगारापायी. बायको कल्पना महिन्याभरात रुळली. चौदा वर्षांची विनया मात्र फुरंगटून बसली. बाबांमुळे आपल्या मैत्रिणी तुटल्या असं तिला वाटे, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. "हो", "नाही" आणि "माहीत नाही" एवढ्यावर तिने सहा महिने बापाची बोळवण केली.

मग एका रविवारी तिला केबलवर एक गोरी बाई दिसली. नदीत गुडघाभर पाण्यात उभी राहून ती काठीने लांब दोरी हवेत झुलवत होती. दोरीच्या टोकाला पिसांची खोटी माशी. ती पाण्यावर टेकली की ट्राउट मासा खालून झडप घालणार.

"हे भारी आहे. असं कुठे करता येतं, बाबा?" विनयाने विचारलं.

पोरीने आपणहून काही विचारलं याचाच विश्वनाथला इतका हर्ष झाला की दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात ट्राउटचीच चौकशी करत फिरला. हिमाचलात तीर्थन नदीवर मिळतो म्हणे. दसऱ्याच्या सुट्टीत जायचं ठरलं. घर शाकाहारी, पण पकडलेला मासा परत पाण्यात सोडायचा या अटीवर कल्पनानेही मान डोलावली.

मुलीसाठी घ्यायचं तर उत्तमातलं उत्तम, हा आपल्याकडच्या बापांचा जुना रोग. दिल्लीत काश्मिरी गेटजवळच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात म्हातारे मालक खरबंदाजी "पहले सादी वाली लीजिए" म्हणत राहिले आणि विश्वनाथने सर्वांत महागडी विलायती काठी अन् चमचमतं रीळ उचललं. दोरी हाताला लागली ती घेतली. दोरीत काय पाहायचं, असं त्याचं मत.

सेक्टरच्या बागेत सराव सुरू झाला. गळाच्या जागी लोकरीचा गोंडा बांधला होता. विनयाने काठी मागे नेली, पुढे झटकली. दोरी तिच्याच पायाशी गुंता होऊन पडली. वीस वेळा तेच. बाकावर बसून विश्वनाथ "मनगट, मनगट" असं सांगत होता, आणि त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेवटी विनयाने काठी त्याच्या मांडीवर ठेवली आणि ती तडक घरी गेली. पुन्हा "हो" आणि "नाही" नशिबी येणार, हे विश्वनाथला दिसू लागलं.

शनिवारी मिनतवाऱ्या करून तो तिला दुकानात घेऊन गेला. खरबंदाजींनी दोरी बोटांत धरून पाहिली.

"मक्खी में वज़न कहाँ होता है, बेटा? उसे डोर ले जाती है। डोर भारी चाहिए, और डंडी के नंबर की।"

रीळ म्हणजे दोरी गुंडाळायची जागा, त्यावर पैसे उधळणं हा वेडेपणा, हेही त्यांनी गोड शब्दांत सुनावलं. मग फायबरची साधी काठी, साधं रीळ आणि काठीवरच्या नंबरशी जुळणारी चांगली दोरी पुढे ठेवली. आधीचा माल ते परत घेणार होते. "इतने में तो दो सेट आ जाएँगे," ते म्हणाले.

"नहीं, एक ही। बिटिया के लिए," विश्वनाथ म्हणाला. "मैं तो बस बैठूँगा।"

विनयाने वळून पाहिलं. "तुम्ही नुसते काठावर बसणार?"

"तुझी हौस आहे ना? मी डबा सांभाळीन."

"मग तिथेही मी एकटीच." विनया म्हणाली. "शाळेत एकटी, घरी एकटी. तुम्ही फक्त वस्तू आणून देता, बाबा. एकदम अच्छी वाली."

मुलगी आपल्याशी बोलत नाही, असं विश्वनाथ सगळ्यांना सांगत आला होता. आपण तिच्याशेजारी जाऊन शेवटचे कधी बसलो, हे मात्र त्याला आठवेना. त्याला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त आनंद झाला, कारण पोरीला तो हवा होता.

"दो दीजिए," तो खरबंदाजींना म्हणाला.

त्याच संध्याकाळी दोघं बागेत उभी राहिली. विनयाची दोरी तिसऱ्याच झटक्याला सरळ गवतावर जाऊन पडली. विश्वनाथची त्याच्या कानाला वेटोळं घालून बसली. विनया पोट धरून हसली, मग त्याचं मनगट धरून शिकवू लागली.

"घाई नको, यार बाबा. मागे नेलीत की जरा थांबा. आता सोडा."

सातव्या वेळी त्याची दोरी झकास सुटली. विनया हात सोडून मागे सरकू लागली, तेव्हा आठवी फेक त्याने मुद्दाम चुकवली.