थोरल्या पातीचा गोटा

मनगट मुरगळलं तेव्हा रणजितने सगळ्यात आधी काय केलं, तर कुणी पाहिलं का ते पाहिलं. जमिनीवरून खांद्यापाशी घेताना वजनांचा बार उजव्या हातात मागे कलला, आत काहीतरी कट्कन वाजलं आणि बार धाडकन खाली आला. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या त्या नव्या जिममध्ये बार आदळणं रोजचंच, त्यामुळे कुणी मान वळवली नाही. फक्त आरशासमोर उभा असलेला विश्वजीत थांबला.

"लागलं का रे?"

"छे. घामाने सटकला."

उजवा हात टॉवेलखाली लपवून तो बाहेर पडला. खाली पार्किंगमध्ये त्याला बाइकची किल्ली फिरवता येईना, तेव्हा मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हनुमान जयंतीची जत्रा महिन्यावर आली होती.

थोरल्या वस्तीवरच्या मारुतीसमोर एक गोटा आहे. काळा, गुळगुळीत, पाण्याच्या हंड्याएवढा. त्याचं वजन किती ते कुणालाच माहीत नाही, कारण देवाची वस्तू काट्यावर घालायची नसते. जत्रेच्या दिवशी मानाच्या घरातल्या माणसाने तो उचलून खांद्यावर घ्यायचा, मग पालखी उठते, आणि पालखीचा पुढचा दांडा त्या घराकडे असतो. त्याला जमलं नाही तर दुसऱ्या पातीचा, म्हणजे भावकीतल्या दुसऱ्या शाखेचा, माणूस पुढे होतो, आणि त्याने उचलला की मान तिकडे जातो. वस्तीत पाती दोनच. थोरली रणजितची, धाकटी विश्वजीतची. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले, पण गोट्यापाशी मैत्री-बित्री कुणी धरत नाही.

रणजितचे वडील संपतराव तरणेपणी हा गोटा उचलायचे. एका वर्षी तो छातीपर्यंत आला आणि त्यांच्या कमरेतून कळ गेली. शेजारी त्यांचे वडील, आण्णा, उभे होते. ते एवढंच म्हणाले, "सोडू नको." संपतरावांनी सोडला नाही. गोटा खांद्यावर गेला, पालखी उठली आणि संपतराव दोघांच्या आधाराने घरी आले. तेव्हापासून कमरेला पट्टा, जमिनीवर झोप, आणि खाली पडलेली वस्तू उचलायला दुसऱ्याला हाक. पण ही गोष्ट घरात अशा कौतुकाने सांगितली जायची, की लहानपणी रणजितला तो पट्टा म्हणजे पदकच वाटायचा.

पुढे मान सांभाळला आनंदकाकांनी. या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला आणि पाळी रणजितवर आली. मधल्या काळात उसाचं रान बिल्डरकडे गेलं होतं, तिथे आता टॉवर होता आणि टॉवरला पोहण्याचा तलाव होता. संपतराव दारात खुर्ची टाकून त्या टॉवरकडे बघत बसायचे. पोरगा आयटीत, सून पेठेतली, रान गेलं, बैल गेले. आपलं म्हणावं असं त्यांच्याकडे उरलं होतं ते पालखीच्या पुढच्या दांड्यावरचं वीतभर लाकूड. रणजितला हे कुणी सांगावं लागत नव्हतं. त्याला तो गोटा वडिलांसाठी उचलायचा होता, आणि खरं सांगायचं तर वडिलांनी एकदा तरी 'वा' म्हणावं यासाठी उचलायचा होता.

सून म्हणजे शेफाली. ती सदाशिव पेठेतल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट होती आणि बोलायलाही तिथलीच होती. एक्स-रे पाहून, मनगट हलक्या हाताने चारी बाजूंना वळवून ती म्हणाली, "हाड शाबूत आहे. लिगामेंट ताणलंय. आता बर्फ, पट्टी आणि विश्रांती. शहाण्यासारखा वागलास तर बरं होईल. म्हणजे अवघडच आहे."

"जत्रेपर्यंत होईल?"

"मनगटाला कॅलेंडर कळत नाही."

घरात सांगायचं नाही असं ठरलं. पण हाताने भाकरी मोडता येत नसेल तर ते किती दिवस लपणार? तिसऱ्याच जेवणाला संपतरावांनी ताटावरून नजर उचलली.  सकाळी शेफाली क्लिनिकला गेल्यावर त्यांनी रणजितला अंगणात बसवलं, तव्यावर वाळू तापवून फडक्यात बांधली, आणि कोमट तिळाच्या तेलाने मनगट चोळायला घेतलं. तालमीतला जुना हात. अंगठा असा रुतवला की रणजितच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"आबा, दुखतंय."

"दुखतंय म्हंजी रगत फिरतंय. गप बस."

तो गप्प बसला. त्याला दोन गोष्टी पक्क्या माहीत होत्या. ताज्या मुरगळीला चोळायचं नसतं, आणि आबांनी लहानपणानंतर त्याला हात लावल्याचं त्याला आठवत नव्हतं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जड भरली. संध्याकाळी मनगट भज्यासारखं फुगलं.

शेफाली घरी आली, तिने पाहिलं, आणि बॅग न ठेवताच सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, हे मनगट आहे. कणीक नाही."

"आमी आख्खी तालीम अशीच नीट केली."

"आणि आपल्या कमरेचं काय झालं?"

 रणजितची आई सोजरबाई हातातलं लाटणं तसंच धरून उभी राहिली. संपतरावांचा चेहरा तांबडा झाला. "बर्फ माशाला लावत्यात," एवढं बोलून ते अंगणात गेले. शेफालीला आपण जास्त बोललो हे कळलं होतं, पण तिने शब्द मागे घेतला नाही. खरा शब्द मागे घ्यायची तिला सवय नव्हती.

त्या रात्री नवराबायकोत करार झाला. शेफालीची अट अशी, की मनगट पट्टीत राहील आणि बार, डंबेल, जोर, सगळं बंद. पण पाय, कंबर, पाठ आणि कोपरापर्यंतचे हात काही आजारी नाहीत, त्यांनी काम करायचं. तिने खताच्या पोत्यात वाळू भरून घेतली, तोंड शिवलं आणि म्हणाली, "हाताच्या पंजाने काही धरायचं नाही. बाहू खाली घालायचे, कवटाळायचं, पायांनी उठायचं."

पहिल्या दिवशी पोतं गुडघ्यापर्यंत आलं आणि घसरलं. इतकी वर्षं रणजित लोखंडी बार उचलत होता. बारला धरायला जागा असते, हात सुटू नये म्हणून पट्टे असतात, आणि किती उचललं ते प्लेटवर लिहिलेलं असतं. पोत्याला यातलं काहीच नव्हतं. ते अंगावर ओघळायचं, पोटात रुतायचं, कुठूनही निसटायचं. चार दिवसांनी त्याच्या लक्षात आलं, की गोट्यालाही यातलं काहीच नाही. मनगट धड असतं तर आपण बार उचलत राहिलो असतो आणि जत्रेत गोट्याला नुसत्या पंजांनी झोंबलो असतो, हे कळून त्याला घाम फुटला. मग तो पोत्याच्या मागे हात धुऊन लागला. पोतं गुडघ्यावर येऊ लागलं, मांडीवर, छातीवर. दर दोन-चार दिवसांनी शेफाली त्यात वाळू वाढवायची.

संपतराव खुर्चीतून बघायचे. "पोतं कवटाळून गोटा उचालतोय व्हय कुनी," असं एकदा सोजरबाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. रणजितला ते लागलं. तो आणखी जोरात उठला.

वस्तीत मात्र कुजबुज सुरू झाली होती. उन्हाळ्यात हा पूर्ण बाह्यांचा शर्ट का घालतो? चहाचा कप डाव्या हाताने का धरतो? जत्रेच्या आदल्या दिवशी देवळापुढे मांडव घालताना विश्वजीत समोर आला आणि त्याने हात पुढे केला. "ऑल द बेस्ट, भावा."

मांडव घालणारे थांबले. रणजितने उजवा हात दिला. विश्वजीतने तो धरला, हळूहळू आवळला, आणि रणजितच्या डोळ्यांत बघत राहिला. कळ कोपरापर्यंत चढली. रणजित हसत राहिला, दात एकमेकांवर घट्ट दाबून. विश्वजीतने हात सोडला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्याला हवं ते कळलं होतं, आणि कळल्याचं त्याला बरं वाटत नव्हतं.

घरी शेफालीने मनगट पाहिलं. सूज नव्हती, पण वळवताना एका जागी तो श्वास रोखायचा. "छातीपर्यंत तुझंच आहे," ती म्हणाली. "छातीवरून खांद्यावर नेताना पंजा खाली घालून ढकलावं लागणार. तिथे आत वाजलं तर सोडायचं. पुढे ओढलंस तर तुटेल, मग ऑपरेशन, आणि हात पहिल्यासारखा होईलच असं मी सांगणार नाही. मला शब्द दे."

रणजितने शब्द दिला. देताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

जत्रेच्या दिवशी ऊन नुसतं ओतत होतं. आरती झाली, गुलाल उडाला, हलगी कडाडली आणि गर्दीने गोल धरला. पालखी देवळाच्या पायरीवर तयार होती. शेफालीने आत पट्टी घट्ट बांधली होती आणि वर सदऱ्याची बाही होती. गोलाच्या कडेला संपतराव उभे होते, बरोबर त्याच जागी जिथे एके काळी त्यांचे वडील उभे राहिले होते. पलीकडे विश्वजीत, सदरा काढून, कंबर कसून.

रणजितने गोट्याला हात लावून नमस्कार केला आणि बाहू खाली घातले. दगड तापला होता. गोटा हलला, सुटला, गुडघ्यावर आला. लोक ओरडू लागले. मांडीवर टेकवून त्याने श्वास घेतला, कवटाळून पुन्हा उठला, आणि गोटा छातीला लागला. पंजाचं काही काम नाही, सगळं पाठीचं आणि पायांचं. त्याने ओझरतं वडिलांकडे पाहिलं. संपतरावांचं तोंड उघडं राहिलं होतं. पोत्याचा अर्थ त्यांना आत्ता कळत होता.

आता खांदा. त्याने उजवा पंजा गोट्याखाली सरकवला आणि ढकललं. गोटा वर चढला, गळपट्टीपर्यंत आला, अगदी थोडं अंतर राहिलं, आणि मनगटात कट्कन वाजलं.

डोळ्यांपुढे पांढरं झालं. गोटा वरही जाईना, खालीही येईना. शब्द दिला होता, पण छातीवर दगड असताना दिलेला शब्द फार लांबून ऐकू येतो. एक ढकल. एकच. मग मान राहील, दांडा राहील, आबा 'वा' म्हणतील. त्याने दात आवळले आणि पाय रोवले. हलगी थांबली होती. सगळी वस्ती श्वास धरून होती, आणि त्या शांततेत संपतराव ओरडले.

"सोड!"

रणजितला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"सोड, रणजित! आरं सोड त्यो! टाक खाली!"

त्याने सोडला. गोटा धप्पकन मातीत रुतला आणि रणजित त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसला.  वस्तीला हे नवीन होतं. मग धाकटी पाती पुढे सरकली. विश्वजीतने जाता जाता रणजितच्या पाठीवर हात ठेवला, गोट्याला नमस्कार केला, आणि दोनदा घसरल्यावर तिसऱ्यांदा तो खांद्यावर घेतला. हलगी पुन्हा कडाडली.

शेफालीने रणजितला बाहेर काढून वडाखालच्या पारावर बसवलं आणि बाही वर केली. बोटं हलत होती. "तुटलं नाहीये," ती म्हणाली, आणि मग इतका वेळ आवरलेलं तिला रडू आलं. रणजितही रडत होता, पण दुखतंय म्हणून नव्हे.

"आबा, मान गेला," तो म्हणाला.

संपतराव समोर उभे होते. वाकता येत नव्हतं म्हणून पट्ट्याला हात लावून हळूहळू पारावर टेकले. "जाऊ दे," ते म्हणाले.  "त्या दिशी मी आण्णांच्या तोंडाकडं बघत व्हतो. म्हनलं, आत्ता म्हनतील सोड. न्हाय म्हनले." त्यांनी कमरेच्या पट्ट्यावरून हात फिरवला. "लई वाट बघितली मी, पोरा."

मग ते पुन्हा उठले आणि गर्दीतून गोळेवाल्याच्या गाडीपाशी गेले. रंग नको, काडी नको, नुसतं बर्फाचं ढेकूळ दे, असं त्याला दोनदा सांगावं लागलं. ते ढेकूळ उपरण्यात गुंडाळून त्यांनी आणलं आणि शेफालीला विचारलं, "हितंच लावायचा न्हवं? जरा वर का खाली?"

"तिथेच, बाबा. दाबू नका."

"न्हाय दाबत."

एवढ्यात पालखी आली. पुढचा दांडा विश्वजीतच्या खांद्यावर होता. पारावरचे सगळे उठले आणि हात जोडून उभे राहिले. संपतराव मात्र बसूनच होते. पोराचं मनगट मांडीवर घेऊन त्यांनी दोन्ही हातांनी बर्फ धरला होता, त्यामुळे त्यांना या वर्षी पालखीला हात जोडता आले नाहीत.