भोंग्याची वायर

मित्रांनो, मी पाण्यावर पळणारी एक जुनी स्कूटर आहे. तुम्हाला अंधाराची किंवा इंजेक्शनची भीती वाटत असेल. मला गरम होण्याची वाटते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पिवळीधमक होते. माझ्या पोटात इंजिन आहे, पण ते थंड ठेवणारं पाणी माझ्याजवळ साठवलेलं नसतं. ज्या पाण्यावर मी पळते, तेच खालच्या जाळीतून ओढते, नळीतून इंजिनाभोवती फिरवते आणि बाजूच्या भोकातून बाहेर टाकते. त्या भोकातून बारीक धार उडत असली, की माझं बरं चाललंय असं समजायचं. धार आटली आणि इंजिन तापलं, की माझा भोंगा ओरडतो. मला बोलता येतं ते एवढंच.

बरीच वर्षं मी एका तलावावर भाड्यानं फिरले. मुलं 'पिवळीच पाहिजे' म्हणून भांडायची. मला फार बरं वाटायचं. पण काठाशी उथळ पाण्यात कोणीही मला दामटायचं आणि वाळू माझ्या पोटात जायची. मग नव्या स्कूटर आल्या आणि मी ताडपत्रीखाली गेले.

तिथून मला एका बसचालकानं आपल्या मुलीसाठी विकत घेतलं. घरात बाप-लेक दोघंच होते. मुलीची आई आदल्या वर्षी तापानं गेली होती. मुलगी पोहण्यात पटाईत. तलावावर बुडणाऱ्यांना वाचवायचं काम तिला मिळालं होतं. सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि स्कूटर स्वतःची न्यायची होती.

बापानं मला जिवापाड जपलं. रोज सकाळी कामावर जाण्याआधी तो अंगणात यायचा, फडक्यानं मला पुसायचा आणि इंजिन चालू करायचा. बस अशीच गरम करून मग बाहेर काढायची, ही त्याची सवय. पण अंगणात पाणी कुठलं? माझ्या घशाला कोरड पडायची. भोंगा वाजायच्या आत तो इंजिन बंद करायचा आणि माझ्या पाठीवर थाप मारून निघून जायचा. ते प्रेम मला कळत होतं, म्हणून जास्तच भीती वाटायची.

शनिवारी मुलीनं मला तलावात नेलं. थोडं दूर गेलो आणि धार बारीक झाली. मग भोंगा ओरडला. बाप काठावरून धावत गुडघाभर पाण्यात शिरला.

"मागे फीर! आधी मागे फीर!"

जाळीत पाणवनस्पती आणि पिशवीचा तुकडा अडकला होता. मुलीनं तो काढला. आम्ही पुन्हा गेलो. भोंगा पुन्हा ओरडला.

संध्याकाळी मुलीचा मामा आला. तो विजेची कामं करायचा.

"जुनी गाडी आहे, भावोजी. तुमच्या सासूबाईंसारखी. कारण नसताना ओरडते."

"तुझीच आई ती," बाप म्हणाला. पण हसला नाही.

"भोंग्याचा सेन्सर गेला असणार. वायर काढून टाका, कटकट मिटली."

बापानं पक्कड उचलली. त्याला तो आवाज सहन होत नव्हता, हे मला दिसत होतं. पक्कड वायरला लागली. मित्रांनो, तेव्हा मी किती घाबरले म्हणून सांगू! सोमवारी तलावाच्या मध्यावर कोणी बुडत असेल, ही मुलगी मला भरधाव नेत असेल, आणि मी आतून जळत असेन. तिला सांगणार कशी?

"बाबा, थांबा," मुलगी म्हणाली. "आईचा ताप उतरत नव्हता तेव्हा आपण काय म्हणालो होतो?"

बापानं पक्कड वायरवरून काढली.

"थर्मामीटर बिघडलाय म्हणालो. दुसरा शोधत बसलो. ताप खराच होता."

मामानं मान खाली घातली. बापानं पक्कड हळूच खाली ठेवली आणि म्हणाला, "पाण्याचा पाइप आण."

मुलीनं बागेचा पाइप मला जोडला. आधी इंजिन सुरू केलं, मग लगेच नळ सोडला; नाहीतर पाणी इंजिनात शिरतं. धार अगदी थेंबाथेंबानं आली. आधी नळ आणि मग इंजिन बंद करून तिनं आतली नळी सोडवली. नळी बाहेरून धडधाकट होती. तिनं ती दिव्यासमोर धरून आत पाहिलं.

"पलीकडचं काही दिसत नाही, बाबा."

बापानं ब्लेडनं नळी उभी चिरली. आतलं रबर भाजून सुटलं होतं आणि वाटेतच लोंबत होतं.

"हे कोरडं चालवल्यामुळे होतं," मामा म्हणाला. "कोणी चालवली हिला पाण्याबाहेर?"

"मी," बाप म्हणाला. "रोज सकाळी. आमच्या बसला चालतं."

"बसच्या पोटात पाणी असतं, बाबा. हिला बाहेरून प्यावं लागतं."

मामानं नव्या नळीसाठी जुनीचं माप घेतलं.

रविवारी मला नवी नळी बसवली. तलावात लांब चक्कर झाली. धार सलग उडत राहिली, भोंगा गप्प राहिला. तरी माझी धाकधूक गेली नाही. उरलेल्या जुन्या नळ्यांचं काय, हे कोणाला माहीत?

सोमवारी सकाळी बाप नेहमीसारखा किल्ली घेऊन अंगणात आला. किल्ली लावली, पण फिरवली नाही. तळवा माझ्या इंजिनाच्या झाकणावर ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. मी थंड होते. मग त्यानं किल्ली काढून मुलीच्या हातात दिली.

"ओरडली तर लगेच मागे फिरायचं," तो म्हणाला. "कोणी काहीही म्हणो."

मित्रांनो, घरातलं यंत्र असो की माणूस, ते ओरडायला लागलं की त्याचं तोंड बंद करू नका. आधी कुठे दुखतंय ते विचारा. मला आता काम आहे. ती मुलगी मला पाण्यात ढकलते आहे.