वरच्याला अजून कळलेलं नाही

सुधाकर पगारे सरांनी नानखटाईच्या डब्यातून सातवी चिठ्ठी काढली, उलगडली, वाचली आणि पुन्हा घडी घालून शर्टाच्या खिशात टाकली. मग घसा खाकरून म्हणाले, "डोळे मिटू या."

मंडळीने डोळे मिटले. सुरतेतल्या या मराठी ख्रिस्ती मंडळीला चर्चचा हॉल रविवारी दुपारी तीन ते पाच मिळे. सकाळी तो गुजराती मंडळीचा. डबा मात्र स्वतःचा होता. झाकणाला चीर पाडलेली. ज्याला जे दुखतंखुपतं ते त्याने कागदावर लिहून आत टाकायचं, नाव नाही घातलं तरी चालतं, आणि सरांनी त्यावर प्रार्थना करायची. त्या दिवशी सहा चिठ्ठ्यांवर झाली: एक गुडघेदुखी, दोन लग्नं, एक हजीऱ्याच्या कारखान्यातली नोकरी, एक दारू आणि 'माझ्या जावेला सुबुद्धी मिळो' अशी एक. सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं. जाऊबाईंनी जरा जास्तच मोठ्याने म्हटलं.

उपासना संपल्यावर मालतीबाई पेटीचा भाता लावत म्हणाल्या, "सर, आज चिठ्ठ्या सात होत्या."

"सहा."

"सात. मी मोजल्या ना, तुम्ही काढत होता तेव्हा."

"एक कोरी होती."

प्रभूच्या घरात उभं राहून बोललेलं हे खोटं होतं, पण लहान होतं. मोठं चार महिन्यांचं झालं होतं.

घरी आल्यावर सरांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. वहीच्या पानावर, बॉलपेनने, अक्षर ओबडधोबड:

'साचा बिघडला आहे. प्लेगपासून असंच आहे. आवाज मोठा, निघत काही नाही. वरच्याला अजून कळलेलं नाही. कळलं तर बाहेर काढील. प्रार्थना करणाऱ्याने समजून घ्यावं.'

सर महापालिकेच्या मराठी शाळेत एकोणीस वर्षं मराठी शिकवत होते. समजून घेणं हा त्यांचा धंदाच होता. त्यांनी समजून घेतलं आणि उठून खोलीचं दार लावून घेतलं.

गोष्ट अशी होती. गेल्या सप्टेंबरात प्लेग आला तेव्हा अर्धी सुरत चार दिवसांत रिकामी झाली. रिकामी करणाऱ्यांत सरही होते, निदान मनाने. बायको अलका आणि दोन पिशव्या घेऊन ते पहाटेपासून स्टेशनात रांगेत उभे राहिले. तिकीट मिळालं नाही. विनातिकीट घुसायचं, तर डब्याच्या दाराला लोंबकळणाऱ्यांनी सरांच्या विद्वत्तेला जागा दिली नाही. दुपारी दोघं परतले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या धुरपदाबाई भेटल्या.

"सर, तुम्ही राहिलात?"

"राहिलो," सर म्हणाले. ते तसं खरंच होतं.

पिशवीत प्रवासाच्या पुऱ्या होत्या. त्या त्यांनी गल्लीत वाटून टाकल्या, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत टिकल्या नसत्या. पुढचे आठ दिवस जो बोलावील त्याच्याकडे ते तोंडाला रुमाल बांधून गेले आणि प्रार्थना केली. ज्यांच्यासाठी केली ते सगळे बरे झाले. त्यांना साधा ताप होता. बाहेरगावी अडकलेले पाळकसाहेब, रेव्हरंड श्रीरंग भालेराव, परत आले तेव्हा गोष्ट तयार होती: सगळे पळाले, सर राहिले, आणि त्यांनी भुकेल्यांना भाकर दिली. पुऱ्यांची भाकर कोणी केली ते शेवटपर्यंत कळलं नाही. सर दुरुस्ती करणारच होते. पण पाळकसाहेबांनी ती गोष्ट नाताळच्या संदेशात घेतली, आणि नाताळात कोण कोणाला दुरुस्त करतं?

तेव्हापासून सरांची प्रार्थना बंद पडली. तोंडाची नव्हे, तोंडाची वाढली. लोक भेस्तानहून रिक्षा करून येत. दुसऱ्याच्या गुडघ्यासाठी सर दहा मिनिटं न अडखळता बोलत: आधी उपकारस्तुती, मग पापकबुली, सगळ्यांची मिळून, म्हणजे कोणाचं काय ते निघत नाही, मग विनंती, नाव बदलून. पण घरी एकटे गुडघे टेकले, की फोन उचलावा आणि नुसती घरघरही ऐकू येऊ नये, तसं होई. 'हे पित्या'च्या पुढे जीभ सरकत नसे. पुढचा शब्द 'तिकीट' होता.

आणि आता ही चिठ्ठी. साचा! अलकाच एकदा म्हणाली होती, "अहो, एकाच साच्यातनं काढता तुम्ही प्रार्थना. करंज्यांसारख्या." आवाज मोठा, निघत काही नाही, प्लेगपासून. राहता राहिलं 'वरच्याला अजून कळलेलं नाही'. धर्मशिक्षणाच्या दृष्टीने हे साफ चूक होतं. वरच्याला सगळं कळतं, हे रविवारच्या शाळेतलं पोरही सांगेल. म्हणजे लिहिणाऱ्याने ते मुद्दाम लिहिलं होतं. टोमणा होता तो.

संशयितांची यादी सरांनी मनातच केली. अलका: तिला सगळं ठाऊक, पण तिचं अक्षर वळणदार. मालतीबाई: त्या मोजतात. गणपतराव, मंडळीचे सेक्रेटरी: ते चार महिन्यांपासून 'सर, तुमच्यासारखी श्रद्धा आम्हाला कुठली' असं म्हणत होते, आणि एवढ्या वेळा म्हणणारा माणूस सरळ नसतो. शिवाय मागच्या रांगेत, चपलांच्या ढिगापाशी, एक काळासावळा माणूस महिन्याभरापासून येऊन बसत होता. तो मंडळीतला नव्हता, खानदेशी असावा. प्रार्थनेत सगळे डोळे मिटत तेव्हा तो उघडे ठेवून थेट सरांच्या तोंडाकडे बघत राही. सरांना हे ठाऊक होतं, म्हणजे सरही मिटत नसत.

बुधवारच्या प्रार्थनासभेत सरांनी सर्वांना कागद वाटले.

"पाठांतर आपलं कच्चं आहे," ते म्हणाले. "आज शुद्धलेखन. लिहा: अहरोनाने सोने साच्यात ओतून वासरू केले."

पाळकसाहेबांनी चष्मा वर केला. "सर, 'साच्यात' हा शब्द काही शास्त्रात नाही तिथे."

"अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून घातला."

कागद गोळा करून सरांनी घरी नेले आणि चिठ्ठीशेजारी ठेवून एकेक तपासले. मालतीबाईंचं निर्दोष होतं, याचा त्यांना राग आला. गणपतरावांनी 'अहरोनाने सोने सासऱ्यात ओतून' असं लिहिलं होतं. सवयीप्रमाणे सरांनी लाल पेनने गोल केला. अक्षर कोणाचंच जुळलं नाही. चपलांपाशी बसणारा त्या दिवशी आलाच नव्हता.

अलका दाराशी उभी राहून बघत होती.

"काय शोधताय?"

"चुका."

"सापडल्या?"

"दुसऱ्यांच्या."

आत जाऊन तिने भांडी जरा जास्त आवाजात लावली.

पुढच्या रविवारी डब्यात पाच चिठ्ठ्या होत्या. चौथी त्याच वहीच्या पानाची होती. 'मागची वाचली नाही. साचा तसाच आहे. आता लपवणं होत नाही.'

सरांनी मान वर केली. मालतीबाई बोटांवर मोजत होत्या. गणपतराव श्रद्धेने बघत होते. पहिल्या बाकावर अलका होती. ती खाली बघत होती. सरांना वाटलं, सगळ्यांना सगळं ठाऊक आहे आणि आपण तेवढे उरलो आहोत. एकदा असं वाटलं की माणसाला एक प्रकारचा आराम पडतो. त्यांनी खिशातून पहिली चिठ्ठीही काढली आणि दोन्ही मोठ्याने वाचल्या.

"मागच्या रविवारी ही मी लपवली," ते म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. "कोणी लिहिली ते विचारत नाही. ज्याने लिहिली त्याने खरं लिहिलं आहे. हा साचा... हा साचा माझा आहे."

मग मागे, चपलांपाशी, कोणीतरी उठल्याचा आवाज झाला.

"नही सर," तो काळासावळा माणूस दोन्ही हात जोडून म्हणाला. "तो सांचा मना शे."

"काय?"

"मना. अकरा नंबर. लिंबायतले कारखाना शे. प्लेगमा शेठ कुलूप लाईसन पळी गया, तवयपाईन असाच करस. धागा टिकतच नही. शेठ वरे माळ्यावर बसस, त्याले आजून मालूम नही. बाकीना सांचास्वर भरी काढस मी. मालूम पडनं तर काढी टाकी माले."

सुरतेत यंत्रमागाला सांचा म्हणतात; चिठ्ठीत त्यावरचा अनुस्वार तेवढा राहिला होता. सरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप सांच्यांवर होते, आणि 'माझे वडील' या निबंधात दर वर्षी तीस ठिकाणी 'सांचा' येई. एकोणीस वर्षं सर तो शब्द लाल पेनने खोडून वर 'यंत्रमाग' लिहीत आले होते. इतका खोडला की त्यांच्यापुरता तो मराठीतून गेलाच.

कोणीतरी फसकन हसलं. सर उभेच होते, तोंड अर्धवट उघडं. अजून बोलता आलं असतं. पुढचा शब्द तयारही होता. पण पाळकसाहेब तोवर उठले होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"बंधुभगिनींनो, पाहिलंत? परक्याचा बंद पडलेला सांचा, आणि आपले सर म्हणतात, माझा आहे! दुसऱ्याचं ओझं आपलं म्हणायला काळीज लागतं. हालेलुया!"

"हालेलुया!" मंडळी म्हणाली. गणपतरावांनी डोळे पुसले.

सरांनी तोंड मिटलं.

बाहेर चपला घालताना अलका त्यांच्या शेजारी आली. तिने वर बघितलं नाही.

"पुन्हा पुऱ्यांची भाकर झाली," ती म्हणाली, आणि रिक्षा बघायला पुढे गेली.

सर तिथेच थांबले. मग एका पायात चप्पल घालून त्या माणसाला शोधत फाटकापर्यंत गेले. त्याचं नाव निंबा होतं. धुरपदाबाईंनी त्याला सांगितलं होतं की सरांच्या प्रार्थनेला गुण आहे.

"उद्या शाळा सुटली की येतो," सर म्हणाले. "तुमच्या सांच्याकडे."

निंबाने त्यांच्या ओठांकडे बघत मान हलवली.

सोमवारी दुपारी दीड वाजता सर लिंबायतमधल्या त्या गल्लीत शिरले तेव्हा आवाजाने आधी पाय थरथरले, मग कान. आत चोवीस सांचे एकदम चालत होते. शेजारी उभं राहून कोणी गोळी झाडली असती तरी दिसली असती, ऐकू आली नसती. कोपऱ्यात लाकडी जिना वर माळ्यावर गेला होता. वर काचेआड शेठचं डोकं झोपाळल्यासारखं हलत होतं. पलीकडच्या रांगेतल्या एका कामगाराने आवाज न करता नुसते ओठ हलवून निंबाला काही विचारलं. निंबाने तसंच काही उत्तर दिलं आणि दोघं हसले. आपल्याबद्दलच असणार, असं सरांना वाटलं. सवय अशी एका दिवसात जात नाही.

निंबाने बोट दाखवलं. अकरा नंबर. इतरांसारखाच दिसत होता. धागा नेणारा धोटा इकडून तिकडे धावत होता, खडखडाट तर सगळ्यांत मोठा होता. पाच मिनिटं झाली नसतील, धागा तुटला. निंबाने गाठ मारली. पुन्हा तुटला.

मग निंबा बाजूला सरला आणि वाट बघू लागला.

सरांनी सांच्याच्या लोखंडी कडेवर हात ठेवला. हात कोपरापर्यंत हादरू लागला. त्यांनी उपकारस्तुती सुरू केली. दोन वाक्यं झाली आणि त्यांच्या लक्षात आलं की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. शब्द बाहेर पडत होते की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. पापकबुलीपर्यंत ते आले. सगळ्यांची मिळून जी असते तिच्यापर्यंत. तिथे थांबले. या गोंधळात इथे कोणालाच काही ऐकू जाणार नव्हतं. ना निंबाला, ना काचेआडच्या शेठला, ना, गेल्या चार महिन्यांच्या अनुभवावरून, त्याच्याही वरच्याला.

"हे पित्या," सर म्हणाले, "मी राहिलो नव्हतो. तिकीट मिळालं नव्हतं. रांगेत एका म्हातारीला मी कोपराने ढकललं, तरी मिळालं नाही. पुऱ्या प्रवासाच्या होत्या. मी भ्यालो होतो. अजून भितोच आहे. आणि या माणसाचा सांचा..."

पुढे काही सुचेना. साच्यात पुढे काहीच नव्हतं. ते हात ठेवून तसेच उभे राहिले. त्यांचा चेहरा ओला झाला होता; कारखान्यात उकडतंही फार.

धागा पुन्हा तुटला.

सरांनी मान वळवली. निंबाचे डोळे उघडेच होते, नेहमीसारखे, आणि ते सरांच्या ओठांवर होते. बावीस वर्षं तो या आवाजात काम करत होता. इथे कोणी कोणाचं कानांनी ऐकत नसे.

सरांनी ओठ मिटून घेतले.

निंबाने वर काचेकडे एकदा पाहिलं. मग वाकून, तुटलेल्या धाग्याची दोन टोकं बोटांत धरून, गाठ मारता मारता त्याने सरांकडे तोंड केलं आणि त्यांना वाचता यावं म्हणून, लहान पोराला शिकवतात तसे, ओठ सावकाश हलवले.

"माले बी तिकीट नही भेटनं."