ओळखणारी दोन माणसं

टायपिंग सेंटरमधला मल्याळी माणूस प्रिंट वाचू लागला, तेव्हा सॅम्युएलनं काउंटरवरून हात पुढे करून दोन्ही कागद काढून घेतले.

"साब, स्टेपल?"

"नहीं. खलास."

त्यानं कागद आधी उभे दुमडले, मग आडवे, आणि शर्टाच्या खिशात घातले. दोह्याच्या उत्तरेकडच्या अल खोरच्या बाजारातून कंपनीच्या क्वार्टर्सपर्यंत चालत वीस मिनिटं लागायची. एरवी तो सावलीच्या बाजूनं जायचा. त्या दिवशी सरळ उन्हातून आला. खोलीत आल्यावर दार लावलं आणि बहिणीला फोन केला.

शुलामिथ त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. अलिबागजवळच्या त्यांच्या गावात ती एकटी राहायची, आणि पाच गावांतल्या एकोणीस म्हाताऱ्या माणसांचं दुपारचं जेवण रांधायची. सगळी बेने इस्राएल समाजाची, म्हणजे कोकणातली ज्यू. कुणाची मुलं इस्राएलला, कुणाची ठाण्याला, कुणाला मुलंच नाहीत. डबे रिक्षानं जायचे. वडील गेल्यावर दोघा भावंडांनी त्यांच्या नावानं हे सुरू केलं होतं. रिक्षाचं आणि गॅसचं सॅम्युएल बघायचा. पण आता शुलामिथचे दोन्ही गुडघे गेले होते. हाताखाली पगारी बाई लागणार होती, आणि ते दोघांच्या आवाक्याबाहेरचं होतं. ठाण्याच्या ज्यू कल्याण फेडरेशनकडून अशा कामांना तीन वर्षांचं अनुदान मिळायचं. हा फॉर्म त्याचाच होता.

"मिळाला?" ती म्हणाली.

"मिळाला. माझंही नाव कशाला लागतं त्यात, ताई?"

"कागदोपत्री आपण दोघं चालवतो म्हणून. माझा भाग मी कधीच भरून दिला. तुझाच राहिलाय."

"मागच्या पानावर एक रकाना आहे."

"ते सह्यांचं ना? दोन सह्या, एवढंच. मी सरपंचांची घेतली आणि शाळेच्या बाईंची. पाच मिनिटांचं काम."

सॅम्युएलनं कागद टेबलावर पसरून हातानं सपाट केला. रकान्यावर इंग्रजीत आणि मराठीत छापलं होतं : अर्जदार सध्या राहतो तेथील, नात्यात नसलेल्या दोन व्यक्ती, ज्या अर्जदारास बेने इस्राएल समाजाचा घटक म्हणून ओळखतात. नाव, फोन, सही, आणि किती काळापासून ओळखतात.

"सामू? अरे, ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"परवा आणि तेरवा डबे गेले नाहीत. मला उभंच राहवेना. नागावचे एलायजाकाका दोन दिवस चहा-बिस्किटावर राहिले. शेजारणीला म्हणाले, भूक नाही." फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "तिथं अठरा वर्षं झाली तुला. दोन माणसं नसतील होय?"

"असतील," तो म्हणाला.

माणसं पुष्कळ होती. पण अठरा वर्षांपूर्वी, रास लफानच्या गॅस प्लांटवर तो इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून रुजू झाला त्या पहिल्या दिवशी, मेसच्या रांगेत पुढच्या माणसानं त्याच्या छातीवरचं कार्ड वाचून विचारलं होतं, "सॅम्युएल? ख्रिश्चन?" आणि त्यानं हो म्हणून मान हलवली होती. कुणी धमकावलं नव्हतं की पुढं कधी कुणी त्रासही दिला नव्हता. ती मान एकदा हलली आणि तशीच राहून गेली. गेली दोन-तीन वर्षं मेसमधल्या टीव्हीवर इस्राएलच्या युद्धाच्या बातम्या लागल्या की तो ताटात बघून जेवायचा. एवढंच.

फॉर्म पोचायची मुदत पुढच्या गुरुवारची होती.

फिलिप डाबरे वेस्ट बेमधल्या एका बँकेत इंटर्नल ऑडिटला होता. मूळचा वसईचा. नऊ वर्षांपूर्वी महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात दोघांची ओळख झाली, आणि त्या वर्षीच्या नाताळापासून फिलिप त्याला आग्रहानं चर्चला न्यायचा, मग घरी जेवायला. फिलिपची बायको फिलोमिना त्याला निघताना डबा भरून द्यायची.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी सॅम्युएल दोह्याला गेला. बँकेच्या टॉवरखाली, पाण्याच्या बाजूला दगडी बाक होते. फिलिपनं टाय सैल केला, कागद घेतला आणि एक शब्दही न गाळता पहिल्या ओळीपासून वाचला. मग मागचं पान. मग परत पुढचं.

"हे तुझ्या कुणा मित्राचं आहे का?"

"माझंच आहे."

"मी तुला प्रोटेस्टंट समजत होतो."

"माहीत आहे."

समोरून एक बाई बाबागाडी ढकलत गेली. ती लांब गेल्यावर फिलिपनं कागद गुडघ्यावर ठेवला.

"नऊ नाताळ," तो म्हणाला. "नऊ नाताळ तू माझ्या शेजारी उभा होतास. फिलोमिना म्हणायची, सॅम कम्युनियनचा प्रसाद घ्यायला पुढे येत नाही, त्याच्या मनात काहीतरी दुःख आहे. तिनं नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना केली तुझ्यासाठी. ठाऊक आहे?"

"नाही."

"मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? वाळीत टाकलं असतं?"

सॅम्युएलनं खिशातलं पेन काढून हातात धरलं.

"आणि आता सही हवी म्हणून सांगतोयस."

"हो."

हे ऐकून फिलिप जरा चपापला. त्यानं कागद नीट घडी करून परत दिला. "इथं लिहिलंय, मी तुला ओळखतो. मी ओळखत नव्हतो. जे माहीत नव्हतं त्यावर मी सही करत नाही, सॅम. दिवसभर लोकांच्या अशाच सह्या शोधत बसायचा पगार घेतो मी." तो उठला. चार पावलं गेल्यावर त्यानं मागं वळून विचारलं, "जेवलायस का?"

"जेवलोय," सॅम्युएल म्हणाला. तो जेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी तो आणि हमीद नेहमीप्रमाणे अल खोरच्या मासळीबाजारात गेले. हमीद प्लांटच्या बसवर ड्रायव्हर होता. मुरूडच्या बाजूचा कोकणी मुसलमान. अकरा वर्षं रोज पहाटे तो सॅम्युएलला घेऊन जायचा आणि संध्याकाळी आणून सोडायचा. बसमध्ये दोघांतच मराठी चालायची.

हमीदनं त्या दिवशी एक मोठा रावस घेतला, त्याचे दोन भाग करून घेतले आणि वेगळ्या पिशवीत स्वतःसाठी कोळंबी घेतली. पिशव्या हमीदच्या गाडीच्या डिकीत ठेवताना सॅम्युएलनं खिशातून कागद काढला.

"हमीदभाई, एक सही पाहिजे. आधी वाचा. नको वाटलं तर सांगा, मी वाईट मानणार नाही."

हमीदनं शर्टाला ओले हात पुसले आणि मराठी तेवढं वाचलं. वाचताना त्याचे ओठ हलत होते. सॅम्युएल डिकीतल्या बर्फाकडे बघत राहिला.

"पेन आहे काय?" हमीद म्हणाला.

"कळलं का, काय लिहिलंय ते?"

"कळला की."

"म्हणजे मी..."

"सामूभाई," हमीद म्हणाला, "तुमचा नाव सॅम्युएल, आडनाव नवगावकर. ह्याचा अर्थ कोकणातल्या माणसाला शाळेत जाऊन शिकायला लागतो काय? आमच्या आजीच्या वक्ताला गावात तुमचीच घरां होती तेलाची. शनवारी घाणा बंद. आजी शुक्रवारीच बाटली घेऊन जायची." त्यानं डिकीतल्या पिशव्यांकडे बोट केलं. "पहिल्या वर्षी मी तुम्हाला कोळंबी दिली. तुम्ही बोललात, अंगावर पुरळ उठतो. मग खेकडा दिला. त्याचाही पुरळ. मी समजलो, तुमच्यात बिनखवल्याचा चालत नाय. तवापासून खवल्याचा मासा असंल तोच तुमच्यासाठी घेतो."

"कधी बोलला नाहीत," सॅम्युएल म्हणाला.

"तुम्ही बोलला नाहीत. मग मी कशाला बोलू?" हमीदनं कागद गाडीच्या टपावर ठेवला, आणि पेन टेकवायच्या आधी थांबला. "कागद जातो कुठं?"

"ठाण्याला."

"हितं कुठल्या ऑफिसात नाय ना द्यायचा?"

"नाही."

"नाय, पोरीची परीक्षा आहे, आता नोकरीला धक्का नको. म्हणून विचारला." आणि त्यानं सही केली. किती काळापासून, या रकान्यात लिहिलं, अकरा वर्षे.

दुसऱ्या सहीसाठी सॅम्युएलनं आणखी कुणाला विचारलं नाही. शनिवारी त्यानं प्लांटवरच्या सहकाऱ्यांची नावं एका कागदावर लिहून पाहिली आणि तो कागद फाडून टाकला. सोमवारी शुलामिथचा फोन आला तेव्हा "एक झाली" म्हणाला. ती नुसतं "बरं" म्हणाली. तिच्या मागं कुकरची शिट्टी ऐकू येत होती. म्हणजे ती उभी होती.

बुधवारी संध्याकाळी दारावर टकटक झाली. फिलिप होता. वेस्ट बेपासून तासाभराचा रस्ता, तोही कामाच्या दिवशी. त्यानं बूट दारात काढले, हे तो एरवी करत नसे, आणि खुर्चीवर बसून खोलीभर नजर फिरवली. जणू इथं पहिल्यांदाच आला होता.

"फिलोमिनाला सांगितलं," तो म्हणाला. "ती माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हती. माझ्याशी! तुझ्यावर नाही रागावली." त्यानं हात पुढे केला. "आण तो कागद."

सॅम्युएलनं कागद दिला. फिलिपनं हमीदची ओळ वाचली. खाली स्वतःचं नाव, फोन लिहिलं, सही केली. शेवटच्या रकान्यापाशी त्याचं पेन अडलं.

"नऊ वर्षं लिही," सॅम्युएल म्हणाला. "नऊ वर्षं ओळखतोसच."

"ते तुला. इथं विचारलंय, समाजाचा म्हणून." फिलिपनं बोटांवर मोजलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. मग स्वच्छ, सुट्या अक्षरांत लिहिलं : सहा दिवस.

"फिलिप, असं लिहिलं तर अर्ज फेटाळतील."

"फेटाळतील कदाचित." त्यानं पेनाला टोपण लावलं. "दुसरं काही लिहायचं असेल तर दुसऱ्या कुणाची सही घे. पण मग मला या नाताळला तुला बोलवायला यायला लाज वाटेल."

तो गेल्यावर सॅम्युएल कागद समोर घेऊन बसला. 'दिवस' खोडून 'वर्षे' करणं अवघड नव्हतं. एलायजाकाकांचा चेहरा त्याला आठवत होता. त्यानं मोबाईल वर धरून दोन्ही पानांचे फोटो काढले आणि होते तसे फेडरेशनला पाठवून दिले.

तीन आठवड्यांनी सकाळी बस रास लफानच्या रस्त्याला लागलेली असताना फोन वाजला. भारतातला नंबर. बसमध्ये चाळीसेक माणसं होती. फिलिपिनो, नेपाळी, इजिप्शियन, दोघं-तिघं तमिळ. बहुतेक डोळे मिटून बसलेले. सॅम्युएल ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर होता.

"नमस्कार, फेडरेशनच्या ऑफिसमधून बोलतेय." म्हाताऱ्या बाईचा, पण खणखणीत आवाज होता. "तुमच्या अर्जावर कमिटीत बरीच चर्चा झाली. एक गृहस्थ लिहितात, सहा दिवस. हे चुकून झालंय का?"

"नाही. बरोबर आहे ते."

"नऊ वर्षांचे मित्र आहेत असं तुमच्या बहिणीनं सांगितलं."

"मित्र नऊ वर्षांचे आहेत. मी सांगितलं सहा दिवसांपूर्वी. म्हणजे, तेव्हाच्या सहा दिवसांपूर्वी."

"आणि हे हमीद म्हणून आहेत, अकरा वर्षं?"

"त्यांना मी सांगितलंच नव्हतं."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "आमच्याकडे सगळे 'जन्मापासून' असंच लिहितात," ती म्हणाली. "ओळखीतलीच दोन माणसं गाठतात आणि खाली सह्या घेतात. कमिटीतले एक म्हणाले, हा पहिलाच फॉर्म खरा वाटतोय. तर, मंजूर झालंय. तीन वर्षांचं. बहिणीला मी कळवते. पत्रावर तुमचं नाव पूर्ण लागेल. इथं नुसतं सॅम्युएल एस. नवगावकर आहे. एस म्हणजे?"

"वडिलांचं नाव."

"हो, पण काय?"

सॅम्युएलनं फोन तोंडाजवळ धरला आणि हळू आवाजात सांगितलं.

"ऐकू नाही आलं. आवाज फार येतोय मागे."

बसमध्ये रेडिओ लागला होता. हमीदनं आरशात एकदा बघितलं, हात लांब करून रेडिओ बंद केला आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागला. आता इंजिनाची घरघर तेवढी राहिली.

"शालोम," सॅम्युएल म्हणाला. "सॅम्युएल शालोम नवगावकर."

पलीकडच्या रांगेतल्या इजिप्शियन वेल्डरनं त्या हिब्रू शब्दासरशी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. सॅम्युएलनं नजर खाली घेतली नाही. वेल्डरनं घड्याळ बघितलं, गेट यायला अजून वेळ आहे हे ताडलं, आणि डोकं खिडकीला टेकवून पुन्हा डोळे मिटून घेतले.

"शालोम," बाई लिहिता लिहिता म्हणाली. "लिहिलं."