बिनहळदीचं वरण

पाच वाजून दहा मिनिटांनी अन्नपूर्णाबाईंनी गॅस पेटवला. तुरीची डाळ तीनदा धुऊन कुकरच्या डब्यात घातली, वर दोन बोटं पाणी, चिमूटभर हिंग. हळदीच्या डबीपर्यंत हात गेला आणि तसाच परत आला. मग त्यांनी अंगण झाडलं, फाटकाला अडकवलेली दुधाची पिशवी आत आणली. हुडको कॉलनीतल्या त्या गल्लीतून फर्स्ट शिफ्टच्या स्कूटर एकामागून एक निघून गेल्या. कृष्णराव प्लांटमधून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी या आवाजानेच उठायचे. आता त्यांच्या फोटोपुढच्या निरांजनात अन्नपूर्णाबाईंनी तेल घातलं, वात पुढे सारली.

साडेसहाला प्रवीण उठला. वडिलांच्या महिन्याच्या श्राद्धासाठी तो विशाखापट्टणमहून आला होता, आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होता. स्वयंपाकघरात येऊन त्याने निवलेल्या कुकरचं झाकण उघडून पाहिलं.

"आई, आजबी पांढरंच वरण? सुतक संपून किती दिवस झाले."

"हात जात नाही रे. सवय लागली."

सवय श्रावणातच लागली होती. कृष्णरावांचे डोळे पिवळे दिसले, त्या दिवसापासून अन्नपूर्णाबाईंनी घरातली हळद बंद केली. त्यांच्या सासूबाई तसंच करायच्या: काविळीच्या माणसाच्या ताटात पिवळं काही वाढायचं नाही. तीन आठवडे वरण, भाजी, कढी, सगळं पांढरं. कृष्णराव कुरकुर न करता जेवायचे.

प्रवीणने बॅगेतून एक डबी काढली. दोन लाल कॅप्सूल तळहातावर घेतल्या, दुधाच्या घोटाबरोबर गिळल्या आणि फोटोकडे पाहून म्हणाला, "हजेरी लागली, पप्पा."

अन्नपूर्णाबाईंच्या हातातली सांडशी ओट्यावर टेकली.

ते वाक्य कृष्णरावांचं होतं. गेल्या दिवाळीत मुलाने गुडघ्यांसाठी अशीच डबी आणून दिली होती. तेव्हापासून रोज सकाळी कॅप्सूल घेतली की ते हजेरी लागल्याचं सांगायचे. दर दोन महिन्यांनी नवी डबी पार्सलने यायची, आणि प्लांटमधल्या जुन्या सोबत्यांना ते ती खिशातून काढून दाखवायचे. डोळे पिवळे झाल्यावर अशक्तपणा वाढला, तेव्हा एकाच्या दोन केल्या. ओव्हरटाइम, म्हणाले होते.

"तू कवापासून घेऊन राहिला हे?"

"झाले दोन महिने. तुझी सूनही घेते. कंबर दुखते तिची."

"बंद कर न बापा."

"कावून?"

"असंच. रोज रोज गोळ्या बऱ्या नाही."

प्रवीण हसला. "गोळी कुठं आहे आई, हळद आहे ते. आपल्या घरातलीच चीज. लहानपणी माझा गुडघा फुटला का तूच तर मूठभर भरत होती. तवा नाही म्हटलं, बरी नाही म्हणून."

अन्नपूर्णाबाईंनी फडकं उचललं. दुधाचं भांडं उगाच पुसलं.

कृष्णराव दवाखान्यात होते तेव्हा वॉर्डमधल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना तीनदा विचारलं होतं, "और कुछ लेते थे क्या, माताजी?" तीनदा त्यांनी नाही म्हणून सांगितलं. औषध म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेलं; हे तर ताकदीचं होतं, मुलाने आणलेलं. चौथ्या दिवशी कृष्णरावांनी खाटेवरून हजेरीची आठवण करून दिली, आणि पिशवीतून डबी काढताना डॉक्टरीणबाईंनी अन्नपूर्णाबाईंना पाहिलं. कॅप्सूल उघडून त्यांनी कागदावर रिकामी केली. पिवळी धमक पूड होती.

"ये हल्दी का ही अर्क है, बहुत गाढ़ा. सबको नहीं होता. किसी-किसी का लिवर सह नहीं पाता," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या होत्या. "घर में और कोई लेता हो तो बंद करवा दीजिए."

प्रवीण पोहोचला तेव्हा कृष्णराव शुद्धीवर नव्हते. कशाने झालं, असं त्याने विचारलं. कावीळ मस्तकात गेली, एवढंच त्या म्हणाल्या. दवाखान्याची फाइल लोखंडी कपाटात, साड्यांखाली गेली.

"यावेळी ती डबी इथंच ठेव," त्या आता म्हणाल्या. "मी फेकून देतो."

"फेक. दुसरी मागवून घेईन." टॉवेल खांद्यावर टाकून तो दारात थांबला. आवाज उतरला होता. "पप्पाले लय आराम पडला होता आई त्यानं. फोनवर सांगत, आता जिना चढतो म्हणून. शेवटी आलो तर बोलताही नाही आलं त्यायच्याशी. तेवढं एक तरी झालं माझ्या हातून."

बाथरूमचं दार लागलं. बादलीत पाणी पडू लागलं.

अन्नपूर्णाबाई ओट्याकडे वळल्या. चहाच्या आधणाच्या वाफेने खिडकीची काच धुरकट झाली होती. त्यांनी पदराने हात पुसले, आतल्या खोलीत गेल्या, कपाट उघडलं. साड्यांच्या तळाशी हात घालून फाइल काढली. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. पण डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवून दाखवलेली ओळ शेवटच्या पानावर, खालून चौथी होती. ते पान उघडून त्यांनी फाइल प्रवीणच्या बॅगेवर ठेवली. पंख्याने पान उलटू लागलं, तेव्हा त्यावर ती डबी ठेवली.

गॅस बंद केला. दोन खुर्च्या बॅगेजवळ ओढल्या आणि त्यांतल्या एकीवर बसल्या.

नळ बंद झाला. कडी सरकल्याचा आवाज आला. त्या उठल्या नाहीत.